एअरबॅग उघडली नसेल तर अडकलेल्या माणसाला हात लावायचा की नाही?

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. तुम्ही घाटाखाली हायवेलगत राहता, गावातल्या पोरांचा ग्रुप आहे, अपघात झाला की अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी तुम्हीच पोहोचता. मागे एक कार कंटेनरच्या खाली घुसली, ड्रायव्हर शुद्धीवर होता पण पाय अडकलेले, आणि स्टीअरिंगची एअरबॅग उघडलीच नव्हती. गर्दीतून कोणीतरी ओरडलं "हात लावू नका, एअरबॅग फुटेल" आणि सगळे मागे सरकले, फायर ब्रिगेड येईपर्यंत त्याच्याजवळ कोणी गेलं नाही. आता तुम्ही विचारताय की थांबलो ते बरोबर का, बॅटरी काढली की धोका संपतो का, आणि ग्रुपला सीएसआरमधून (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून) मिळालेला हायड्रॉलिक कटर-स्प्रेडर, म्हणजे पत्रा कापणारं आणि दार ताणून उघडणारं यंत्र, चालवताना एअरबॅगचं काय बघायचं.

मी फायर ब्रिगेडमध्ये रेस्क्यूवर बरीच वर्षं काढली आहेत, आता कंपन्यांच्या फायर टीमला आणि तुमच्यासारख्या ग्रुप्सना शिकवतो. उत्तर लांब होणार आहे, कारण अर्धवट सांगितलं तर एकतर तुम्ही नको तितके घाबराल नाहीतर नको तितके बिनधास्त व्हाल.

आधी एक गोष्ट सरळ करून घेऊ. ती बॅग फुटेल की नाही हे बाहेर उभं राहून तुम्हाला, मला, कोणालाच सांगता येत नाही. अपघात होऊन गेल्यावर आपोआप फुटण्याचे प्रकार कमी आहेत, पण घडलेले आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डेटन शहरात फायर ब्रिगेडवाले गाडीत अडकलेल्या माणसाला काढत असताना ड्रायव्हरची न उघडलेली एअरबॅग फुटली आणि रेस्क्यू करणारेच जखमी झाले. त्यानंतर जगभर या विषयाचं वेगळं ट्रेनिंग वाढत गेलं. म्हणून मी शिकवताना "फुटेल का" हा प्रश्न बाजूलाच ठेवायला सांगतो. विचार असा करा की ती या क्षणी फुटली तर माझं डोकं कुठे आहे, हात कुठे आहे, हातातलं हत्यार कुठे आहे. न उघडलेल्या एअरबॅगमुळे मदत थांबवायची नसते, मदत करायची जागा बदलायची असते. तुम्ही मागे सरलात ते समजू शकतो, कोणी सांगितलेलंच नव्हतं तर काय करणार, पण त्या माणसाजवळ सुरक्षितपणे जाता आलं असतं. कसं ते सांगतो.

बॅग म्हणजे नुसता कापडी फुगा नाही. तिच्यामागे इन्फ्लेटर असतो, त्यात घन इंधन असतं ते पेटून गॅस तयार होतो, किंवा दाबाखाली भरलेल्या गॅसची छोटी नळकांडी असते, काहींत दोन्ही. गाडीतल्या एअरबॅगच्या कॉम्प्युटरने करंट सोडला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत बॅग भरते, कापड ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येतं. भरलेल्या बॅगेवर डोकं आपटणं वेगळं आणि बॅग बाहेर येत असताना तिच्या तोंडाशी डोकं असणं वेगळं, मान मोडू शकते, डोळा जाऊ शकतो, स्टीअरिंगवर टेकवलेला हात मोडतो. आणि तुमच्या हातात टॉमी किंवा कटर असेल तर ते तुमच्याच तोंडावर किंवा आतल्या पेशंटवर येणार.

आता गाडी एवढी चेपली तरी बॅग का उघडली नाही, हा लोकांना नेहमी पडणारा प्रश्न. तुमच्या केसमध्ये गाडी कंटेनरखाली घुसली होती. अशा वेळी बंपर आणि चेसिसचा मजबूत भाग ट्रकच्या खालून जातो, मार बसतो बोनेटच्या वरच्या भागाला आणि काचेला, त्यामुळे सेन्सरला हवा तसा झटका मिळत नाही किंवा फार उशिरा मिळतो. मागून धडक बसली, गाडी लोळली, तर पुढच्या बॅगा बऱ्याचदा उघडत नाहीत, त्यांना उघडायचं कारणच नसतं. इग्निशन बंद असेल, किंवा मालकाने पुढे जाडजूड लोखंडी बुलबार लावलेला असेल तरी हिशोब बिघडतो. त्या बुलबारवर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं, तरी अजून सर्रास दिसतात. आणि बॅग नाहीच अशी जुनी गाडीही असू शकते, पण ते प्रमाण कमी होत चाललंय. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ संपता संपता शेजारच्या सीटचीही. म्हणजे तुमच्यासमोर येणाऱ्या नव्या गाडीत निदान दोन तरी असणारच, आणि सहा बॅगांच्या गाड्याही आता भरपूर आहेत.

कुठे कुठे असतात ते पटकन ओळखायची सवय लावा. स्टीअरिंगच्या मधोमध, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर, सीटच्या पाठीच्या दाराकडच्या कडेला, आणि छताच्या कडेने पुढच्या खांबापासून मागपर्यंत कर्टन एअरबॅग. काही गाड्यांत स्टीअरिंगखाली गुडघ्यासाठीही असते. जिथे बॅग आहे तिथे जवळपास "एअरबॅग" किंवा "एसआरएस" असं इंग्रजीत कोरलेलं असतं, नाहीतर छोटं लेबल शिवलेलं असतं. सीटच्या कडेचं लेबल मात्र बरेचदा बाहेरून टाकलेल्या कव्हरखाली झाकून जातं, म्हणून सीटवर दिसलं नाही याचा अर्थ नाहीच असा घेऊ नका. कोणी विचारलं की माहीत नाही तर काय समजायचं, तर आहे असं समजायचं.

अंतराचा नियम जगभर ५-१०-२० इंच असा शिकवतात. बाजूच्या बॅगेपासून ५ इंच, स्टीअरिंगपासून १०, शेजारच्या डॅशबोर्डपासून २०. आपल्या मापात स्टीअरिंगपासून एक वीत आणि वर दोन बोटं, डाव्या डॅशबोर्डपासून हातभर आणि वर थोडं. बाजूचा ५ इंचाचा आकडा मला स्वतःला अपुरा वाटतो, कारण हल्लीची कर्टन बॅग अख्खी खिडकी झाकत खाली येते. म्हणून मी पोरांना सांगतो की खिडकीच्या चौकटीत डोकं घालून उभं राहायचंच नाही, बोलायचं असेल तर खिडकीच्या बाहेरून, थोडं मागे राहून बोला. खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकलेला माणूस मला प्रत्येक अपघाताच्या व्हिडिओत दिसतो आणि प्रत्येक वेळी धस्स होतं. एका बाजूला छतातली बॅग, समोर स्टीअरिंग, आणि मागे रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या.

मग त्या ड्रायव्हरजवळ जायचं कसं? मागच्या दाराने. मागच्या सीटवर बसा, दोन्ही हात हेडरेस्टच्या बाजूंनी पुढे काढून त्याचं डोकं-मान स्थिर धरा आणि त्याच्याशी बोलत राहा. स्टीअरिंग आणि तुमच्यामध्ये अख्खी सीट असते, ही सगळ्यात चांगली जागा. फक्त आपलं डोकं गाडीच्या मधल्या बाजूला झुकवून ठेवा, दाराकडे नको. त्या दिवशी तुमच्यापैकी एकाने एवढं केलं असतं तरी त्या माणसाला केवढा आधार झाला असता. अडकलेला माणूस एकटा पडला की तडफडतो, स्वतःच बाहेर यायला बघतो आणि मानेची इजा वाढवून घेतो.

पेशंट स्वतः स्टीअरिंगला चिकटून असेल तर तोही त्याच धोक्यात आहे हे विसरू नका. पाय खरंच अडकलेले नसतील, मान कोणीतरी धरलेली असेल, तर सीट हळूच मागे सरकवून किंवा पाठ थोडी कलवून अंतर वाढवता येतं. पाय अडकलेले असतील तर सीट ओढू नका, तिथे फायर ब्रिगेडची वाट बघणंच बरोबर. हे परिस्थितीवर आहे, मी इथून ठाम सांगू शकत नाही.

आणखी एक, आपल्याकडे हमखास असणारी गोष्ट. डॅशबोर्डवर बाप्पाची मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाईल होल्डर, कधी नारळसुद्धा. डाव्या बाजूची बॅग नेमकी तिथूनच वर येते आणि वरचं सगळं गोळीसारखं आत फेकते. जाताना बाजूने हात घालून, डॅशबोर्डवर न वाकता, मूर्ती काढून नीट कपड्यात बांधून घरच्यांसाठी बाजूला ठेवा. चिकटवलेली असेल आणि निघत नसेल तर ओढाताण नको, तिच्या समोर कोणी थांबू नका एवढंच. आणि तुमची स्वतःची टॉर्च, पाण्याची बाटली, कटर, काहीही डॅशबोर्डवर ठेवायचं नाही, दोन सेकंदांसाठीही नाही.

आता बॅटरी. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

बॅटरी काढायचीच, कारण गाडीची वीज चालू असताना तुम्ही दार ताणलं, वायरी चेपल्या, शॉर्ट झालं, तर कॉम्प्युटरला किंवा थेट इन्फ्लेटरला करंट जाऊ शकतो. काही गाड्यांत दाराच्या आतल्या हवेचा दाब मोजणारे सेन्सर असतात, स्प्रेडरने दार दाबलं की तोही बदलतो. पण काढायच्या आधी वीज आपल्या कामाला वापरून घ्या. काचा खाली करा, सेंट्रल लॉक उघडा, इलेक्ट्रिक सीट असेल आणि सरकवणं सुरक्षित असेल तर सरकवा, डिकी उघडा. एकदा बॅटरी गेली की यातलं काही होत नाही आणि मग दगडाने काच फोडत बसावं लागतं. मग इग्निशन बंद, चावी काढून गाडीपासून लांब, पुशबटणवाली असेल तर ती चावी निदान पाच-सहा मीटर लांब एकाच माणसाच्या खिशात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडी आवाज न करता चालू असते, त्यामुळे "इंजिन बंद आहे" असं कानाने ठरवू नका. चाकाला दगड लावलेला असू द्या.

आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर, मग जमलं तर लाल. निगेटिव्ह आधी का, तर पान्हा चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे टर्मिनल १० नंबरच्या पान्ह्याने सुटतात, तो पान्हा आणि चिकटपट्टी ग्रुपच्या पिशवीत कायम ठेवा. वायर नुसती बाजूला करून सोडू नका, ती परत टेकते. मागे वाकवून चिकटपट्टी गुंडाळा. पक्कडीने कापायची वेळ आली तर दोन ठिकाणी कापून मधला तुकडाच काढून टाका. पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास जोरात येत असेल तर वायर सोडताना पडणारी ठिणगीसुद्धा महाग पडते, तिथे आधी सीएनजीचा कॉक बंद करणं, माती टाकणं, लोकांना विड्या-सिगारेटी विझवायला लावून लांब करणं.

आता "बॅटरी काढली म्हणजे झालं" याबद्दल. एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये कपॅसिटर असतो, धडकेत बॅटरीच तुटली तरी बॅग उघडावी म्हणून तो वीज साठवून ठेवतो. बॅटरी काढल्यावरही तो काही काळ भरलेला असतो. किती काळ ते कंपनीवर. टोयोटाच्या वर्कशॉप सूचनेत ९० सेकंद थांबा असतं, होंडाच्या सूचनेत ३ मिनिटं. जुन्या काही गाड्यांत याहून जास्त. रस्त्यावर कोण मॅन्युअल उघडून बघणार, म्हणून मी निदान तीन मिनिटं धरतो आणि त्यानंतरही अंतराचे नियम सोडत नाही. तीन मिनिटं हात बांधून उभं राहायचं नाही, तेवढ्यात ट्रॅफिक वळवा, रक्तस्राव दाबून धरा, १०८ ला नीट लोकेशन द्या.

दुसरं, बॅटरी एकच असेल असं नाही. काही गाड्यांत ती डिकीत किंवा सीटखाली असते. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड सियाझ, अर्टिगासारख्या गाड्यांत बोनेटखालच्या बॅटरीशिवाय पुढच्या सीटखाली एक लिथियम बॅटरी असते, बोनेटमधली काढून तुम्ही निश्चिंत झालात तरी ती आहेच. इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी वेगळी आणि छोटी १२ व्होल्टची वेगळी, एअरबॅगा त्या १२ व्होल्टवर चालतात. नारिंगी रंगाच्या जाड केबलला मात्र हातही लावू नका, ते तुमचं काम नाही.

तिसरं, सगळ्या बॅगा विजेवरच फुटतात असंही नाही. नव्वदच्या दशकातल्या व्होल्वोच्या सुरुवातीच्या साइड एअरबॅगा यांत्रिक होत्या, बॅटरी काढून त्यांना काही फरक पडत नव्हता. अशी गाडी तुम्हाला इकडे भेटणं कठीण, पण मुद्दा कळावा म्हणून सांगितलं. उष्णतेने मात्र कोणतीही फुटते, त्याबद्दल पुढे येतो.

आणि बोनेट चेपून बॅटरीपर्यंत हातच पोहोचत नसेल, तुमच्या कंटेनरवाल्या केसमध्ये बहुतेक तसंच असणार, तर त्यावर वेळ घालवत बसू नका. गाडी चालू आहे असं समजून काम करा, म्हणजे मागच्या सीटवरून डोकं धरणं, अंतर पाळणं, आणि काहीही न कापणं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर ट्रॅफिक आणि चाकं आधी, मग मागच्या सीटवर एक माणूस, काचा-लॉक उघडून चावी लांब, बॅटरी जमली तर, आणि जमली तरी स्टीअरिंग-डॅशबोर्डसमोर कोणी नाही.

उघडलेल्या बॅगेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण लोक तिथे फार गाफील असतात. लोंबकळणारी बॅग दिसली की धोका गेला असं वाटतं. बऱ्याच गाड्यांत पुढच्या बॅगा दोन टप्प्यांच्या असतात, धडक हलकी असेल तर एकच टप्पा पेटतो आणि दुसरा तसाच शिल्लक राहतो. बाहेरून काही ओळखता येत नाही. म्हणून उघडलेल्या स्टीअरिंगलाही तेवढाच मान द्या. कापड बाजूला सारायला हरकत नाही, मधला भाग गरम असतो तिथे हात नको. आत जी पांढरी पूड आणि धूर दिसतो त्याने लोक "गाडी पेटली" म्हणून ओरडतात, बरेचदा ती बॅग घडी करताना टाकलेली टाल्क किंवा कॉर्नस्टार्चची पूड असते आणि थोडा इन्फ्लेटरचा अंश. डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला त्रास होतो, दारं उघडी ठेवा, नंतर हात-तोंड साबणाने धुवा आणि तोपर्यंत डोळे चोळू नका.

सीट बेल्टमध्येही स्फोटक असतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. प्रीटेन्शनर म्हणतात, धडकेच्या क्षणी बेल्ट घट्ट ओढतो. तो बकलपाशी असतो किंवा मधल्या खांबाच्या तळाशी. बेल्ट आधी बटण दाबून सोडवायचा, नाही सुटला तर पेशंटला आधार देऊन खांद्याजवळ पट्टा कापायचा. गाडी उलटी असेल तर आधार दिल्याशिवाय बिलकुल नाही, माणूस डोक्यावर पडतो.

आता तुमचा कटर-स्प्रेडर. हे वाचून लगेच चालवायला जाऊ नका ही हात जोडून विनंती, ट्रेनिंग घेतल्याशिवाय नाही. पण काय शिकायचं ते कळावं म्हणून लिहितो.

कर्टन बॅगेला हवा देणारं नळकांडं छताच्या कडेत असतं, कधी पुढच्या खांबाजवळ, कधी मधल्या खांबाच्या वर, बरेचदा मागच्या खांबात. त्यात गॅस शेकडो बारच्या दाबाने असतो. तुलनेसाठी, आपल्या सीएनजी टाकीत २०० बार असतो, आणि त्या टाकीवर कोणी कटर चालवायला जाणार नाही ना, पण खांबातलं नळकांडं प्लास्टिकच्या पट्टीआड दिसत नाही म्हणून तिथे कटर चालवला जातो. ते कापलं गेलं तर जोरात फुटून उडतं. म्हणून नियम एकच, आधी सोला, मग बघा, मग कापा. खांबावरची आतली प्लास्टिक पट्टी स्क्रूड्रायव्हरने किंवा छोट्या पहारीने उचकटून काढा, छताच्या कडेचं अस्तर खाली ओढा, नळकांडं कुठे आहे ते डोळ्याने बघा आणि त्याच्यापासून लांब कापा. पट्टी काढायला अर्धा मिनिट लागतो. मी घाईत असलेल्या टीमला नेमकं हेच अर्धं मिनिट वाचवताना बघतो, आणि वाद घालायला हा एकच मुद्दा मला पुरतो. दिसला मार्करचा ठिपका तरच कटर, असा आमच्या ट्रेनिंगमध्ये शिरस्ता आहे, म्हणजे ज्याने सोलून बघितलं त्यानेच खांबावर खूण करायची आणि त्या खुणेशिवाय कटरवाल्याने ब्लेड लावायचं नाही.

मधल्या खांबाच्या तळाशी प्रीटेन्शनर आहे का बघा, तिथे कापू नका. गिअरच्या पुढे, दोन सीटच्या मधल्या बोगद्यात एअरबॅगचा कॉम्प्युटर असतो, तिथे स्प्रेडरचा पाय टेकवू नका, चिरडू नका. पिवळ्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते कापून "बंद" होतात हा गैरसमज आहे, रस्त्यावर त्यांना हात लावायचा नाही. आणि ती जुनी पद्धत, साखळी बांधून स्टीअरिंग कॉलम पुढे ओढायची, काही क्रेनवाले अजून करतात, ती पूर्ण बंद. न उघडलेल्या बॅगेसकट कॉलम वाकवणं म्हणजे तिची वायर आणि इन्फ्लेटर ताणणं. पाय मोकळे करायला डॅशबोर्ड उचलायची वेगळी पद्धत आहे, रॅम (हायड्रॉलिक दाबाने लांब होणारा दांडा) लावून, बॅटरी काढून, ती प्रत्यक्षच शिकावी लागते.

स्टीअरिंगवर चढवायची जाळी किंवा कव्हर मिळतं, तुम्ही घ्यावं का असं विचारणार असाल तर घ्या, पण ते बसवायला तुम्हाला स्टीअरिंगसमोर जावं लागतं, आणि त्या गाडीच्या मापाचं नसेल तर उपयोग कमी. ज्यांच्याकडे ते असतं ते अंतराचा नियम विसरतात असं मी बघितलंय. माझ्या यादीत ते जाड हातमोजे, डोळ्याचा चष्मा आणि हेल्मेटच्या नंतर येतं.

गाडी पेटली असेल तर गोष्ट वेगळी. इन्फ्लेटरमधलं इंधन साधारण १५० ते २०० अंशांच्या पुढे आपोआप पेटतं, तशीच रचना असते. मोठे धडाके होतात, बोनेट आणि डिकीचे गॅसचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही भाल्यासारखे उडू शकतात. माणूस आत नसेल तर अजिबात जवळ जाऊ नका, सामान वाचवायला तर नाहीच. माणूस आत असेल तर तुमच्याकडे एक एक्स्टिंग्विशर आणि काही सेकंद असतात, बाजूने जा, समोरून किंवा बरोबर मागून नको. तेव्हा एअरबॅगचा हिशोब दुसऱ्या नंबरवर जातो आणि माणूस ओढून काढणं पहिल्यावर, मान वगैरे सगळं नंतर.

ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरबद्दल ऐकलं असेल. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं आणि बॅग उघडताना धातूचं आवरणच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी त्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. २०१४ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोत एका महिलेच्या मानेवरच्या जखमा बघून पोलिसांना आधी भोसकल्याचा संशय आला होता. कोकणातली, मुंबईची हवा कशी आहे आपल्याला माहीत आहे. तुमच्यासाठी दोन गोष्टी, एक म्हणजे जुन्या गाडीत न उघडलेल्या स्टीअरिंगसमोर न थांबण्याचं अजून एक कारण, आणि दुसरं, हलक्या धडकेतही ड्रायव्हरच्या मानेला-छातीला खोल जखम दिसली तर ती काचेची असेल असं समजून सोडू नका, दाबून धरा आणि १०८ वाल्यांना आवर्जून सांगा की आत धातूचा तुकडा असू शकतो.

हे सगळं गाडी, धडक, पेशंट आणि तुम्ही किती जण आहात यावर बदलतं. शुद्धीवर असलेला, श्वास नीट चाललेला, रक्त न वाहणारा माणूस असेल तर सावकाश, सगळे नियम पाळून काम करा. श्वास बंद असेल किंवा रक्ताची धार असेल तर धोका पत्करून लवकर काढावं लागतं आणि तो निर्णय घेणाऱ्याला मी कधीच दोष देणार नाही. कायद्याचीही भीती नको, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर मदत करताना झालेल्या चुकीसाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

शेवटी फायर ब्रिगेड आली की त्यांना काय सांगायचं, कारण तिथे तुमच्या ग्रुपचा खरा उपयोग आहे. बॅटरी काढली का आणि किती वाजता, चावी कोणाच्या खिशात, कुठली बॅग उघडली आणि कुठली नाही, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक आहे का. आमचा ऑफिसर उतरल्या उतरल्या हेच शोधत असतो. गोंधळात तोंडी सांगितलेलं हरवतं, म्हणून जाड मार्करने समोरच्या काचेवरच लिहून टाका, "बॅटरी काढली ४:१०, स्टीअरिंग बॅग शिल्लक", काच फुटलेली असेल तर बोनेटवर किंवा दारावर. तुमच्या कटरचं मॉडेल आणि ट्रेनिंग कोणी दिलंय का ते इथे लिहा, आणि तुमच्या भागातल्या गाड्यांत सीएनजी जास्त की डिझेल तेही, म्हणजे पिशवीत अजून काय काय असावं ते सांगतो.